होल्यांचा जोडा आणि नाताळचे झाड



आगमनकाळ सुरू झाला की नार्नूरकडच्या घरांत एक प्रश्न येतो आणि तो नेमका अडचणीच्या वेळी येतो. कापसाची पहिली वेचणी विकून झालेली असते, पण त्या पैशावर बियाण्याच्या आणि खताच्या उधारीने आधीच हक्क सांगितलेला असतो. तूर अजून शेतात उभी असते. थंडी पडलेली असते, लेकरांना स्वेटर हवे असतात. अशातच लेकरू विचारते, "माय, आपल्या घरी झाड कधी लावायचं?" त्याच्या डोळ्यांपुढे मोबाइलमध्ये पाहिलेले मॉलमधले झाड असते, छताला भिडणारे, लाल-सोनेरी गोळ्यांनी भरलेले.

काही घरे मग उसने पैसे काढून प्लास्टिकचे झाड आणतात. काही घरे काहीच करत नाहीत. आणि नाताळगीते गात घरोघरी फिरणाऱ्या आपल्या मंडळींना एखाद्या दारातून दबक्या आवाजात उत्तर मिळते, "यंदा आमच्याकडे नका येऊ, घरात काही सजवलं नाही." मला हे उत्तर फार लागते. ज्याला जन्माच्या रात्री उतारशाळेत जागा मिळाली नाही, त्याच्याच सणाला एखाद्या घराने लाजून दार लावून घ्यावे, यासारखी उलटी गोष्ट दुसरी नाही.

म्हणून आज या झाडाचा इतिहास सांगावासा वाटतो. तो नीट पाहिला तर कळते की हे झाड घरातल्या, शेतातल्या आणि चुलीजवळच्या वस्तूंनीच पहिल्यांदा सजले. दुकान त्याच्या आयुष्यात बऱ्याच उशिरा आले.

जमाखर्चाच्या वहीतले झाड

ऱ्हाइन नदीच्या काठी अल्सास नावाचा प्रदेश आहे. आज तो फ्रान्समध्ये आहे, पण तिथली जुनी बोली जर्मन वळणाची. तिथल्या सेलेस्टा गावच्या १५२१ सालच्या हिशेबात एक छोटी नोंद आहे. संत थॉमसच्या सणापासून झाडांची राखण करण्यासाठी जंगलराख्यांना ४ शिलिंग दिल्याची ती नोंद. नाताळच्या झाडाबद्दलच्या अगदी जुन्या लेखी पुराव्यांत तिची गणना होते. म्हणजे या झाडाची जवळजवळ पहिली आठवण आपल्याला सापडते ती खर्चाच्या वहीत! लोक सणासाठी झाडे तोडून नेत होते आणि गावाला जंगल सांभाळण्याची चिंता होती. जुन्या दिनदर्शिकेत संत थॉमसचा सण २१ डिसेंबरला येई. भारतात शुभवर्तमान घेऊन आला असे आपण मानतो, तोच हा प्रेषित.

त्याच प्रदेशातल्या आमरश्विर गावाने १५६१ मध्ये नियमच केला. नाताळसाठी एका घराने एकच झाड घ्यावे, तेही आठ पावलांच्या मापाहून उंच नसावे. जंगलाकाठी राहणाऱ्या आपल्या लोकांना हा नियम परका वाटणार नाही. सागाच्या रानातून कोणी किती आणायचे यावरचे वाद आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो आहोत.

झाडावर काय टांगत होते, तेही ठाऊक आहे. १६०५ च्या सुमारास स्ट्रासबुर्ग शहरातल्या एकाने लिहून ठेवले की लोक दिवाणखान्यात झाड उभे करतात आणि त्यावर रंगीत कागदाचे गुलाब, सफरचंदे, पातळ पापड्या, सोनेरी वर्ख आणि साखरेचे पदार्थ लावतात. यादी पुन्हा वाचा. वर्ख सोडला तर सगळे घरातले. कागद कात्रीने कापलेला, फळ बागेतले, पापडी चुलीवरची.

या वस्तूंना अर्थही होता. मध्ययुगात २४ डिसेंबर हा आदाम आणि हव्वा यांचा स्मरणदिन मानला जाई. त्या दिवसांत होणाऱ्या धार्मिक नाटकांत एदेन बाग दाखवण्यासाठी सदाहरित झाड उभे करीत आणि त्यावर सफरचंदे बांधीत. नाताळच्या झाडाची एक मुळी या नाटकातल्या झाडात आहे, असे अनेक अभ्यासक मानतात. फळ म्हणजे माणसाच्या पतनाची आठवण, आणि पातळ पापडी म्हणजे पवित्र कम्युनियनची भाकर, असा अर्थ भाविकांनी लावला. एकाच झाडावर आपला अपराध आणि त्यावरचे औषध, दोन्ही. लाखांची रोषणाई करूनही एवढे सांगता येत नाही.

मार्टिन ल्यूथरने रानातून जाताना चांदण्या पाहिल्या आणि झाडावर पहिल्यांदा मेणबत्त्या लावल्या, अशी एक गोष्ट सांगतात. गोष्ट गोड आहे, पण त्याच्या काळातला पुरावा तिला नाही. ती आख्यायिका म्हणूनच ऐकावी.

चित्रात गेलेले झाड

मग झाड महाग कधी झाले? ते जेव्हा घरातून चित्रात गेले, तेव्हा.

१८०० साली इंग्लंडची राणी शार्लट हिने विंडसर येथे मुलांसाठी झाड उभे केले. ती स्वतः जर्मन घराण्यातली. तरी त्या झाडावर होते काय? कागदात बांधलेले बदाम-बेदाणे, फळे, खेळणी आणि लहान मेणबत्त्या. नंतर मुलांना त्यातलाच खाऊ वाटला गेला.

खरा बदल १८४८ मध्ये झाला. राणी व्हिक्टोरिया, तिचे यजमान अल्बर्ट आणि मुले सजवलेल्या झाडाभोवती उभी आहेत, असे चित्र लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकात छापून आले. दोन वर्षांनी, १८५० मध्ये, तेच चित्र अमेरिकेतल्या एका महिला मासिकाने छापले. तिथे राणीच्या डोक्यावरचा मुकुट काढून टाकला, म्हणजे ते कुठल्याही सुखवस्तू घराचे चित्र वाटावे. मुकुट गेला, पण थाट राहिला. आता प्रत्येक घराला आपले झाड त्या चित्राशी ताडून पाहण्याची सवय लागली. आज आपल्या हातातला मोबाइल तेच काम रोज करतो.

काचेच्या चकचकीत गोळ्यांची कथा तर आणखी बोलकी आहे. जर्मनीतल्या थुरिंगिया भागात लाउशा नावाचे काच फुंकणाऱ्या कारागिरांचे गाव आहे. तिथे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास झाडासाठी काचेचे गोळे बनू लागले. गावात अशी कथा सांगतात की एका गरीब कारागिराला झाडावर बांधायला सफरचंदे विकत घेणे जमेना, तेव्हा त्याने काच फुंकून फळे केली. कथा खरी असो वा नसो, आज जो गोळा श्रीमंतीची खूण वाटतो, त्याच्या जन्माची म्हणून लोकांनी जपलेली गोष्ट गरिबीची आहे. पुढे १८८० च्या दशकात अमेरिकेतला व्यापारी वूलवर्थ हे गोळे आपल्या दुकानांत विकू लागला आणि त्यांचा मोठा बाजार झाला. आज आपल्या देशातल्या फिरोजाबादचे काच कारागीर असे दागिने बनवून परदेशी पाठवतात.

विजेच्या दिव्यांचेही तसेच. १८८२ मध्ये न्यूयॉर्कला एडिसनचा सहकारी एडवर्ड जॉन्सन याने आपल्या घरच्या झाडावर ८० लहान दिवे लावले. तेव्हा ती धनिकांचीच गोष्ट होती. आणि नकली झाड? तेही टंचाईतूनच आले. जर्मनीत झाडतोडीची काळजी वाढली, तेव्हा हंसाची पिसे हिरवी रंगवून आणि तारेला गुंडाळून लोकांनी झाडे केली. प्लास्टिकच्या झाडाचे हे पूर्वज.

मराठीत नाताळ झाडाआधी आला

आता आपल्या भाषेकडे येऊ. 'नाताळ' हा शब्द आपल्याला पोर्तुगीजांकडून मिळाला. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज येशूसंघीय धर्मगुरू १५७९ मध्ये गोव्यात आले. त्यांनी मराठीवर जीव लावला आणि सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' रचले. ते १६१६ मध्ये छापले गेले. प्रभूच्या जन्माची कथा त्यात मराठी ओवीत आहे.

सालांची तुलना करून पाहा. मराठीत नाताळची कथा १६१६ मध्ये छापून झाली होती. विंडसरला राणी शार्लटचे झाड उभे राहिले १८०० मध्ये. म्हणजे मराठी माणसाला गव्हाणीतले बाळ ओवीतून भेटले, तेव्हा या सजवलेल्या झाडाचे इंग्लंडच्या राजवाड्यातही नाव नव्हते. झाडावाचून आपला नाताळ अडला नव्हता.

प्रोटेस्टंट बांधवांचा इतिहासही पाहण्यासारखा आहे. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट १८१३ मध्ये मुंबईला उतरले. पुढे १८३१ मध्ये अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, त्यांच्या मिशनचे ठाणे झाले. ज्या न्यू इंग्लंडच्या परंपरेतून हे मिशन आले, तिथे पूर्वी नाताळ साजराच करीत नसत. मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ च्या कायद्याने नाताळ पाळणाऱ्याला ५ शिलिंग दंड होता. तो कायदा १६८१ मध्ये रद्द झाला, आणि नाताळची अधिकृत सुट्टी तिथे १८५६ मध्ये मिळाली. ज्यांनी महाराष्ट्रात शाळा काढल्या, बायबल मराठीत आणले, त्यांच्या भक्तीला झाडाची गरज पडली नव्हती.

नंतर त्याच अहमदनगरात रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी मराठी मंडळीला तिचे स्वतःचे रूप शोधून दिले. १८९५ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि १९१९ मध्ये ते प्रभूकडे गेले. त्या काळात त्यांनी अभंग, भजन आणि कीर्तन ख्रिस्ताच्या चरणी आणले. परदेशातून आलेली प्रत्येक रीत जशीच्या तशी उचलायला हवी असे नाही, घरात जे आहे त्यानेच प्रभूची सेवा होते, हा धडा त्यांच्या आयुष्यातून मिळतो. टाळ आपले चालतात, मग झाडावरची माळ आपली का चालू नये?

आपला मुलूख, आपली चांदणी

आपला आदिलाबाद जिल्हा निजामाच्या राज्यातला. १९५६ च्या भाषावार रचनेत किनवट आणि राजुरा हे तालुके इथून निघून मराठी मुलखात गेले, आणि आपण या बाजूला राहिलो. नार्नूरच्या बाजारात मराठी, गोंडी, तेलुगू आणि बंजारा बोली एकाच पारावर ऐकू येतात. कॅथलिक धर्मसभेच्या दृष्टीनेही आपले नाते सीमेपलीकडचे आहे. १९६२ मध्ये चांदा मिशनची जबाबदारी केरळच्या सी.एम.आय. धर्मगुरूंवर सोपवली गेली, १९७७ मध्ये चांदा धर्मप्रांत झाला आणि त्यातूनच १९९९ मध्ये आदिलाबाद धर्मप्रांत वेगळा निघाला.

केरळात नाताळ म्हणजे दारावर कागदाची चांदणी आणि अंगणात गवताचा गोठा. या दोन्ही गोष्टी झाडाहून स्वस्त आणि अर्थाने अधिक जवळच्या. गोठ्याची रीत तर फार जुनी आहे. असिसीकर संत फ्रान्सिसने १२२३ मध्ये ग्रेच्चो गावी खरे गवत, खरा बैल आणि खरे गाढव आणून प्रभुजन्माचा देखावा उभा केला. उलट रोममध्ये संत पीटरच्या चौकात पहिले झाड उभे राहिले ते १९८२ मध्ये, पोप दुसरे जॉन पॉल यांच्या काळात.

आपल्याच राज्यातले मेदकचे भव्य मंदिरही आठवावे. वेस्लियन मिशनरी चार्ल्स वॉकर पॉस्नेट यांनी ते बांधले आणि २५ डिसेंबर १९२४ रोजी त्याचे समर्पण झाले. दुष्काळात लोकांच्या हाताला काम आणि पोटाला अन्न मिळावे म्हणून ते बांधकाम चालवले, असे सांगतात. नाताळचा खर्च कशासाठी असावा, याचे याहून चांगले उदाहरण आपल्याला दूर शोधावे लागणार नाही.

शास्त्र काय सांगते

आपल्यातले काही जण झाडाला विरोध करतात आणि यिर्मयाचा दहावा अध्याय दाखवतात. तिथे रानातले झाड तोडून, सोन्या-चांदीने मढवून उभे करण्याची निंदा आहे. ते वचन मूर्ती घडवणाऱ्यांविषयी आहे आणि नाताळच्या झाडाच्या शेकडो वर्षे आधीचे आहे. तरी त्यातला इशारा घ्यावा. सजावटच देव होऊन बसली, तर झाड हिरवे असले काय आणि प्लास्टिकचे असले काय, चूक तीच.

दुसरीकडे लेवीय २३ मध्ये मंडपांच्या सणासाठी देव सांगतो की झावळ्या, दाट पानांच्या फांद्या आणि ओढ्याकाठची वाळुंजे आणा आणि माझ्यापुढे आनंद करा. त्याने आसपास उगवते तेच मागितले.

पण माझ्या मनात घर करून आहे ते लूकच्या दुसऱ्या अध्यायातले एक वाक्य. बाळ येशूला मंदिरात नेले तेव्हा योसेफ आणि मरिया यांनी होल्यांचा जोडा किंवा पारव्यांची दोन पिले एवढेच अर्पण ठरवले होते. हे अर्पण का? उत्तर लेवीय १२ मध्ये आहे. बाळंतिणीने एक कोकरू आणावे असा नियम होता, पण ज्या घराची कोकराची ऐपत नाही त्याने दोन होले आणावेत, अशी सोय देवाने स्वतः करून ठेवली होती. पापार्पणाच्या बाबतीत तर लेवीय ५ आणखी खाली उतरते. होलेही जमत नसतील तर थोडे पीठ चालेल.

विचार करा. देवाने आपल्या नियमात गरिबासाठी जागा लिहून ठेवली आणि आपल्या पुत्राला त्याच जागेवर उभ्या असलेल्या घरात जन्माला घातले. जगाचा तारणारा मंदिरात पहिल्यांदा आला तो कमी खर्चाचे अर्पण घेऊन. मरियेने लाजून घरी बसणे पसंत केले नाही. ती होल्यांसह गेली आणि तिथेच शिमोनाने बाळाला हातांत घेऊन देवाची स्तुती केली. त्याच्या तोंडी होल्यांबद्दल एक अक्षर नाही. त्याने बाळ पाहिले.

यंदा घरी काय करता येईल

आता कामाचे बोलू. पुढच्या गोष्टींना वेळ लागतो, पैसा फारसा नाही.

झाडासाठी जिवंत फांदी तोडू नका. रानात किंवा बांधावर पडलेली वाळकी फांदी आणा आणि माती-खडे भरलेल्या डब्यात घट्ट रोवा. यशया ११ मध्ये इशायाच्या बुंध्यातून फुटणाऱ्या अंकुराचे वचन आहे. वाळकी फांदी त्या वचनाची उत्तम आठवण देते. आगमनकाळात रोज एक चिन्ह कागदाचे करून तिच्यावर बांधता येते: आदामासाठी फळ, नोहासाठी तारू, अब्राहामासाठी तारे, मोशेसाठी दगडी पाट्या, दाविदासाठी वीणा, मरियेसाठी फूल. रात्री घरातल्या मोठ्याने त्या चिन्हाची गोष्ट सांगावी.

याहून सोपे म्हणजे वाळलेली पऱ्हाटी. युरोप-अमेरिकेत लोक बर्फ दाखवण्यासाठी झाडाला विकतचा कापूस चिकटवीत. आपल्या पऱ्हाटीवर तो देवाने आधीच लावून दिला आहे. कापूस वेचल्यावर उरलेले बोंडाचे टरफल उघडल्या पाकळ्यांसारखे असते. ते रंगवले तर छान चांदणी होते. दोन गोष्टी मात्र पाळा. कापसाजवळ मेणबत्ती किंवा पणती ठेवू नका. आणि सण झाला की पऱ्हाटी घरात किंवा कुडाजवळ साठवू नका, तिच्यात गुलाबी बोंडअळी दडून राहते. लगेच तिची विल्हेवाट लावा.

टांगायला डिसेंबरात बोरे येतात. सुई-दोऱ्यात ओवली की लाल-तपकिरी माळ होते, सफरचंदांची जागा ती भरून काढते. मक्याच्या लाह्यांची माळ अमेरिकेतही घरोघरी करीत, आपणही करू. मधोमध भोक पाडून तळलेली शंकरपाळी स्ट्रासबुर्गच्या पापडीची आठवण देईल. जुन्या वहीच्या कागदाची फुले, चहाच्या पुड्यांचा चकचकीत कागद, शिवणकामाच्या चिंध्या, आणि बंजारा भगिनींकडे असतील तर आरशांचे तुकडे लावलेल्या कापडाच्या पट्ट्या. माळा अर्ध्या उरल्या तरी चालतील. विंडसरच्या मुलांनीही झाडावरचेच खाल्ले होते.

चांदणी बांबूच्या कामट्यांची करा आणि पतंगाचा कागद पिठाच्या खळीने चिकटवा. जर्मनीतल्या मोरेव्हियन ख्रिस्ती शाळेत एकोणिसाव्या शतकात भूमितीच्या तासाला मुलांनी केलेल्या कागदी चांदण्या आज जगभर प्रसिद्ध आहेत. आपली मुलेही कोन मोजत शिकतील. दिव्यांची एक माळ पुरे, आणि ती आधी गोठ्यावर.

आपल्या धर्मग्रामासाठीही एक विनंती. झाडांची स्पर्धा ठेवायची असेल तर बक्षीस हाताने केलेल्या वस्तूंना द्यावे. गीते गात फिरताना आपण सजावट पाहायला आलो नाही, हे पहिल्या शब्दातच कळू द्यावे. आणि ज्या घरात काहीच नाही, तिथे आपल्या हातातली एक कागदी चांदणी बांधून यावे. त्या घराने दार उघडले, की बेथलेहेमात जे घडले नाही ते तिथे घडते.

प्रार्थना करू या:

हे प्रभू येशू, तू श्रीमंत असून आमच्यासाठी गरीब झालास. आमच्या घरात जे आहे ते तुझ्या स्वागताला पुरेसे आहे, हा विश्वास आम्हांला दे. उधारीच्या ओझ्याखाली असलेल्या आई-बापांना धीर दे, लेकरांच्या हातांना काम आणि मनाला आनंद दे. लाजून बंद झालेली दारे तुझ्या नावाने उघडू दे. मरिया-योसेफाचे होले तू स्वीकारलेस, तशी आमची वाळकी फांदीही स्वीकार. आमेन.

तुम्हां सर्वांना प्रभुजन्मोत्सवाच्या मनःपूर्वक शुभेच्छा!